पाळी गेल्यानंतरचं रक्त

"मावशी, ब्लड."

नर्सरीतल्या एका मुलीने बोट दाखवलं. मला लागलंय असंच वाटलं तिला. डोळे मोठे झाले होते. "बँडेज लावायचं?" असंही विचारलं तिने.

मी मुलांच्या बुटक्या पिवळ्या खुर्चीवर बसले होते. एका पोराच्या बुटाची लेस बांधत होते. उठून मागे बघितलं. खुर्चीवर तळहाताएवढा लाल डाग. युनिफॉर्मची साडी फिकट निळी. मागून सगळी भिजलेली.

सुटायची वेळ होती. दारात पालक उभे होते. त्यातल्या एका बाईने आपल्या मुलाचा चेहरा स्वतःकडे वळवून घेतला. कुणीतरी कोऑर्डिनेटर मॅडमला बोलावलं. मॅडम आल्या, त्यांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मावशी, काय हे? मुलांसमोर?"

"मॅडम, मला कळलंच नाही..."

"आधी बाहेर व्हा. आणि भिंतीला टेकू नका."

भिंतीला टेकू नका. मला चक्कर येत होती म्हणून मी हात टेकणार होते. टेकला नाही. दोन्ही हात मागे साडीवर धरून पालकांच्या मधून निघाले. त्यांनी वाट करून दिली. फार मोठी वाट करून दिली.

आमचं बाथरूम खाली पार्किंगमध्ये. टीचर लोकांचं वर्गाच्या शेजारी, पण ते आमच्यासाठी नाही. तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरत गेले. मांड्यांवरून धार उतरत होती. पायरीवर थेंब पडला की थांबायचं, साडीच्या टोकाने पुसायचं, पुढे जायचं. मला राग नव्हता आला तेव्हा. लाजच होती सगळी. आपणच काहीतरी घाण केलीय असं वाटत होतं.

साडी पिळून परत नेसले. वर आले. खुर्ची साबणाने घासली, फिनेल मारलं, गॅलरीत उन्हात ठेवली. एक कणसुद्धा डाग राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी बघते तर खुर्ची नाही. मॅडमना विचारलं.

"टाकून दिली."

"मी धुतली होती मॅडम."

"धुतली असेल हो. पण मुलं बसतात ना त्यावर."

त्याच खुर्च्यांवर पोरं मुतायची. ओकायची. जुलाब व्हायचे. मीच धुवायचे. एकही खुर्ची कधी फेकली नव्हती. माझ्या रक्ताची फेकली.

मी शिरवण्यात राहते. गावठाणात, एका आगरी घरमालकाच्या चाळीत वरची खोली. मूळची बीडकडची. लग्न होऊन आले ती इथेच. नवरा एमआयडीसीत होता. तो गेल्यावर मी नेरूळच्या या इंग्लिश शाळेत लागले, ठेकेदारामार्फत. काम मावशीचं. मुलांना शू-शीला न्यायचं, हात-तोंड धुवायचं, डबे उघडून द्यायचे, रडलं की कडेवर घ्यायचं. नाव कुणी विचारलं नाही. आडनाव मात्र पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं होतं. सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या. त्यानंतर स्टाफरूममधल्या फिल्टरचं पाणी मी कधी घेतलं नाही. कुणी नको म्हणालं नव्हतं. "अच्छा"मध्ये सगळं आलं होतं.

घरी मी आणि माझी मुलगी, प्रज्ञा. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरला आहे.

आता रक्ताचं सांगते. माझी पाळी गेली होती. नीट गेली होती. आधी मागेपुढे झाली, मग बंद. वर्ष उलटून गेलं. मला इतकं बरं वाटलं होतं की उरलेली पॅड मी शेजारणीला देऊन टाकली. सुटले म्हटलं. आणि मग एक दिवस आंघोळीला बसले तर गुलाबी पाणी. थोडंसंच. दोन दिवसांत थांबलं. महिन्याभराने परत. मग जास्त. मग गाठी पडायला लागल्या, काळपट, काळजाच्या तुकड्यासारख्या.

चाळीतल्या बायका म्हणाल्या, जाताना असंच येऊन जातं. म्हटलं, अगं गेली होती की. तर म्हणाल्या, नसेल गेली. माझ्या अंगातलं मला माहीत होतं, पण त्यांचं ऐकलं. अशा गोष्टीत बाईने फार बोलायचं नसतं, हेच लहानपणापासून शिकलेलो आम्ही. पाळी आली म्हणायचं नाही, कावळा शिवला म्हणायचं. पोटात दुखतं म्हणायचं नाही, कंबर भरली म्हणायचं. खरं नावच नाही तर डॉक्टरला सांगणार काय?

तरी गेले. नाक्यावरच्या दवाखान्यात. डॉक्टर टेबलाच्या पलीकडे. मी हळू आवाजात सांगितलं, कारण पडद्यामागे लोक बसले होते.

"वय काय?"

"पन्नाशी झाली."

"मग? या वयात होणारच. पाळी जातेय तुमची."

"डॉक्टर, जाऊन वर्ष झालं होतं."

"मग परत आली." हसले ते. "तरुण झालात."

पडद्यामागे कुणीतरी हसलं. पोटाला हात लावला नाही. तपासलं नाही. गोळ्या लिहून दिल्या. त्या घेतल्या की रक्त थांबायचं, बंद केल्या की दुप्पट यायचं. मी परत जायचे, ते परत त्याच गोळ्या द्यायचे. खुर्चीचं झालं ते याच दिवसांत.

मॅडमनी नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं ठेवलं. म्हणाल्या, "हे बघा मावशी, आम्ही पण बायका आहोत, समजतं. पण हायजीन मेन्टेन करता आली पाहिजे ना. तुमच्या लोकांत तेवढं..." आणि थांबल्या. वाक्य पूर्ण केलं नाही. मी मान हलवली. त्यांनी न बोललेल्यालाही मी मान हलवली. त्या दिवसापासून मी तीन-तीन पॅड लावून, वरून जुन्या चादरीचं फडकं बांधून कामावर जायचे. पाणी पीत नव्हते, खाली जायला लागू नये म्हणून. खाली बसत नव्हते. पूर्ण दिवस उभी. मुलं म्हणायची, मावशी बस ना.

एक दिवस जिन्यात पडले. शुद्ध आली तेव्हा वॉचमन तोंडावर पाणी मारत होता. प्रज्ञा आली, मला रिक्षात घातलं, आणि एका मोठ्या हॉस्पिटलला नेलं. ट्रस्टचं आहे, गरिबांना सवलत असते. रक्त इतकं कमी होतं की आधी बाटल्या चढवल्या. मग बायकांच्या ओपीडीला पाठवलं.

ती सकाळ मला जशीच्या तशी आठवते. टेबलावर झोपवलं. साडी कमरेपर्यंत वर. पाय त्या लोखंडी कड्यांत. पडदा अर्धा उघडा होता, बाहेर बाकावर बसलेल्या लोकांच्या चपला मला दिसत होत्या. मोठे डॉक्टर आले, मागे शिकणारी पोरं-पोरी. डॉक्टर माझ्या पायांच्या मध्ये बघून त्यांच्याशी इंग्लिशमध्ये बोलले. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

मग मराठीत म्हणाले, "कुठल्या तुम्ही?"

"बीडकडची."

"मग काय टेन्शन आहे? तुमच्याकडे तर सगळ्याच काढतात. काढून टाकू पिशवी. आता तसाही काय उपयोग तिचा?"

पोरं हसली. सगळी नाही. दोन-तीन.

तुमच्याकडे सगळ्याच काढतात.

माझी थोरली बहीण, अक्का. ऊस तोडायला जायची. फडात पाळी आली तर बसायची सोय नाही, खाडा झाला तर मुकादम अंगावर यायचा. पांढरं जातंय म्हणून गावच्या डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला पिशवी सडलीय, काढली नाही तर मरशील. पोरं लहान होती तिची. तिशीसुद्धा नव्हती आली. काढली. त्यानंतर अक्का सरळ उभी राहिलेली मी बघितली नाही. हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, रडत बसते. काय झालं होतं तिला? खरंच सडली होती? कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. आमच्या वस्तीत तिच्यासारख्या बायका घराघरात आहेत. आणि हा माणूस त्याच्यावर विनोद करत होता. माझे पाय कड्यांत अडकवून.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगातून लाज उतरली. खरंच उतरली, ताप उतरतो तशी. राग आला तोही नंतर. आधी फक्त थंड वाटलं.

मी म्हटलं, "पडदा ओढा."

नर्सने माझ्याकडे बघितलं.

"पडदा ओढा आधी. बाहेर लोक आहेत."

ओढला. डॉक्टर हातमोजे काढत होते. म्हणाले, "चला, उतरा. पुढची तारीख देतील."

"मला काय झालंय?"

"सांगितलं ना. ऑपरेशन करावं लागेल."

"ऑपरेशन काय करणार ते सांगितलंत. झालंय काय ते नाही सांगितलं."

"ते तुम्हाला कळणार आहे का?"

"तुम्ही सांगा. कळतं की नाही ते माझं मी बघते."

मी थांबले नाही. म्हटलं, "माझी पाळी जाऊन वर्ष झालं होतं. त्यानंतर रक्त आलं. हे मी किती जणांना सांगितलं. एकानेही ऐकून घेतलं नाही. का येतंय ते शोधा. ते कळेपर्यंत मी पिशवीला हात लावू देणार नाही. आणि आता मी इथून उठणार पण नाही."

"ओपीडी भरलीय बाहेर," डॉक्टर म्हणाले. "नाटकं नकोत."

मी उठले नाही. पाय कड्यांत तसेच ठेवले. उघडीनागडी पडून राहिले. नागडं त्यांनीच केलं होतं, आता त्याची मला कसली लाज? डॉक्टर पडदा बाजूला करून निघून गेले. त्यांच्या मागे पोरं गेली. त्यांच्यातली एक डॉक्टरीण थांबली. तरुण होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने माझ्या अंगावर चादर घातली आणि स्टूल ओढून शेजारी बसली.

"पाळी कधी बंद झाली? नीट आठवून सांगा," म्हणाली.

हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं.

तिने सगळं विचारलं. रक्त किती, गाठी किती, शुगर आहे का, बीपी आहे का, घरात कुणाला कॅन्सर होता का. ती म्हणाली, "पाळी पूर्ण बंद झाल्यावर एक थेंब जरी आला तरी तपासायचं असतं. पुष्कळदा काही निघत नाही. अस्तर सुकलेलं असतं, साधी गाठ असते. पण बघितल्याशिवाय बोलायचं नसतं."

आतून सोनोग्राफी केली. पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालं होतं. या वयात ते पातळ पाहिजे. मग त्या अस्तराचा तुकडा काढला, तपासायला पाठवायला. दुखलं. मी ओरडले. ती म्हणाली, "ओरडा." तेवढंच.

तुकडा तपासून आला. गर्भाशयाचा कॅन्सर. मग मोठ्या मशीनमध्ये घातलं. तो पिशवीच्या बाहेर निघाला होता. जवळच्या गाठींत गेला होता.

मी त्या डॉक्टरणीला विचारलं, "पहिला डाग आला तेव्हा कळलं असतं तर?"

तिने आधी रिपोर्टकडे बघितलं. खोटं बोलावं की काय असा विचार करत असावी. मग म्हणाली, "तेव्हा बहुतेक आतच असता. काढला असता की संपला असता."

"आणि मोठ्या सरांनी त्या दिवशी नुसती पिशवी काढली असती तर?"

"तर बाकीचं आत राहिलं असतं. आणि तुम्ही बऱ्या झालात असं सगळ्यांनी धरून चाललं असतं."

तिच्यावर माझा राग नाही. पण ती पण त्या दिवशी पोरांमध्ये उभी होती, मी बोलेपर्यंत गप्प होती, हेही मी विसरत नाही.

कॅन्सरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. पिशवी गेलीच शेवटी, बाकीही पुष्कळ गेलं. मग सलाइनमधून औषध. मग मशीनचा शेक, रेडिएशनचा. केस गेले. लघवीला आग होते, पायाला सूज असते. परत येईल का विचारलं तर डॉक्टर "बघू" म्हणतात. त्यांच्या "बघू"चा अर्थ मला कळतो.

शाळेत फोन केला होता, ऑपरेशनच्या आधी. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आराम करा मावशी. काळजी करू नका. आम्ही दुसरी घेतलीय." मुलं विचारतात का, मी विचारलं. म्हणाल्या, "मुलांना सांगितलंय, मावशी गावाला गेली."

मी गावाला गेले नव्हते. शिरवण्यातच होते, शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर. आजारी होते. पण आजारी म्हटलं तर पोरं विचारतील काय झालं, आणि मग सांगावं लागेल. त्यापेक्षा मावशी गावाला गेली. ठेकेदाराने युनिफॉर्मच्या साड्या परत मागवल्या. प्रज्ञा देऊन आली. डाग पडलेली तेवढी घेतली नाही त्यांनी.

खरा घाव मात्र घरात बसला. प्रज्ञासाठी एक स्थळ आलं होतं, कामोठ्याचं. माणसं बरी वाटत होती. ते बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. नखं कुरतडत होती.

"आई, ते विचारतील तुला काय झालंय."

"विचारू दे."

"पोटाचा म्हण ना. पोटाचा कॅन्सर."

"का?"

"खालचा म्हटलं की लोक काय काय बोलतात. बाईच्या चालचलनाचं बोलतात. आणि मला पण होईल असं म्हणतील."

माझी पोर. चाळीत वाढलेली, बारावी शिकलेली. माझ्यासाठी त्या हॉस्पिटलच्या रांगेत उभी राहिलेली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिला जगायचं आहे. पण तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला दिसलं, हे किती आतपर्यंत गेलंय. कॅन्सरसुद्धा तेवढा आत गेला नसेल.

मी म्हटलं, "पोटाचा नाही म्हणणार."

"आई, एवढं कर ना माझ्यासाठी."

"बाकी सगळं करीन. हे नाही."

ती रडली. मला पण रडू आलं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईने चहा घेता घेता विचारलं, आणि मी सांगितलं. गर्भाशयाचा. पाळी गेल्यावर रक्त यायला लागलं, कुणी तपासलं नाही, उशिरा कळला. त्या बाईने कप खाली ठेवला. पदर सारखा केला. परत फोन आला नाही. प्रज्ञा बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आता बोलते, कामापुरतं. पण तपासायला माझ्यासोबत अजून येते.

चाळीत मी सगळ्यांना सांगितलं. नळावर, दुकानात, विहारात रविवारी वंदना झाल्यावर. बायका खाली बघतात. एकीने विचारलं, हे लागतं का दुसऱ्याला. एक तोंडावर म्हणाली, चारचौघांत बोलायची गोष्ट आहे का ही? मागच्या गल्लीतली एक बाई मात्र हळूच आली, तिलाही तसंच होतंय म्हणाली. मी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर म्हणाला, वयाने होतं. गोळ्या घेऊन परत आली. मी म्हटलं परत जा, मी येते सोबत. नको म्हणाली, घरचे ओरडतील. आता मला बघितलं की दुसऱ्या बाजूने जाते.

म्हणजे काही बदललेलं नाही. कुणी माफी मागितली नाही. मोठे डॉक्टर त्याच ओपीडीला बसतात. मॅडम आहेत. नवी मावशी खाली पार्किंगमध्येच जाते. माझ्या बोलण्याने कुणी वाचेल असं मला वाटत नाही. मी वाचेन असंही वाटत नाही.

पण एक गोष्ट मी ठरवून टाकलीय आणि प्रज्ञाला बजावून ठेवलंय. तिला आवडलं नाही, तरी ऐकून घेतलं तिने. मी गेल्यावर लोक विचारतील, कशाने गेली? तेव्हा बायकांचं काहीतरी होतं, असं म्हणायचं नाही. आजारीच असायची, असं म्हणायचं नाही. तिचं नशीब, असं तर अजिबात म्हणायचं नाही. आजाराचं पूर्ण नाव घ्यायचं. उशिरा कळला म्हणायचं. का उशिरा कळला ते विचारलं तर तेही सांगायचं. शाळेचं नाव घ्यायचं. दोन्ही डॉक्टरांची नावं घ्यायची. माझ्या प्रेताशेजारी उभं राहून घ्यायची, मोठ्याने, आलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.